बाहीच्या गोलातला दीड इंच

तीर्थस्वरूप काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या डिसेंबरात अर्धवट बेतलेले जे लोकरीचे कापड पिशवीत घालून मी दादरला तुमच्या घरी आले होते, त्याचा सूट अखेर पूर्ण झाला. इंग्लंडमधल्या आमच्या गावच्या वाचनालयात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या घरगुती जीवनावर मी बोलले, तेव्हा तो माझ्या अंगावर होता. फोनवर आभार मानू लागले की तुम्ही लगेच घरच्यांची चौकशी सुरू करता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण कपडा बेतायचा जुना कागदी नमुना समोर घेऊन माझ्यासारखेच अडलेल्या कोणाला तरी तुम्ही शिकवलेले उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते.

नमुना १९४०च्या दशकातला होता, हे तुम्हाला आठवत असेल. पातळ कागदावर छपाईची एकही रेघ नव्हती, नुसती छिद्रे होती: मोठी छिद्रे उभ्या धाग्याची दिशा सांगणारी, लहान छिद्रे टक, म्हणजे कापड अंगासरशी बसवणाऱ्या निमुळत्या दुमडी, कुठे घ्यायचे ते दाखवणारी. सोबतच्या एका पानावर सगळी कृती उरकलेली होती आणि बाहीबद्दल त्यात एवढेच म्हटले होते की, जादा कापड इस्त्रीने आटवून घ्यावे. मी मोजले तेव्हा बाहीचा गोल, म्हणजे खांद्याला जोडायचा तिचा वरचा काठ, मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही बसवायच्या भोकापेक्षा, दीड इंच जास्त भरला. नमुन्यातच चूक आहे असे ठरवून मी खडूने खूण करून कात्री हातात घेतली होती, आणि तेवढ्यात मुंबईचे तिकीट निघाले म्हणून ते काम राहून गेले. त्या योगायोगाची आठवण आली की आजही हायसे वाटते.

तुम्ही खडूची ती खूण पाहिली, काही न बोलता ब्रशने झटकून टाकली आणि म्हणालात, "हे कापायचं नाही. हे आत जिरवायचं." मग बाहीच्या गोलाला काठाजवळ धावदोऱ्याच्या दोन ओळी घालायला लावून दोरा हलकेच ओढून घेतलात, भुसा भरलेल्या उशीवर गोल पालथा घातलात आणि त्यावर मांजरपाटाचा ओला तुकडा पसरलात. मी सवयीने इस्त्री फिरवू लागले, तर तुम्ही माझे मनगट धरलेत. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. वाफ निघून जाईपर्यंत थांबायचे, लाकडी ठोकळा दाबून धरायचा आणि कापड पूर्ण निवल्याशिवाय ते हलवायचे नाही. पाचसहा वेळा असे केल्यावर काठावरच्या बारीक चुण्या माझ्या डोळ्यांदेखत विरून गेल्या आणि सपाट कापडाला खांद्याचा गोलवा आला. लोकर वाफेने आटते हे मला ठाऊक होते. ती हवी तिथे, हवी तेवढीच आटवता येते, हे त्या दुपारी कळले.

वाचनालयात मी हेच सांगितले. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि पहिल्या वर्षी प्रौढ माणसाला ६६ कूपने मिळाली. लोकरीच्या एका ड्रेसलाच त्यातली ११ जात. पुढच्या वर्षी बटणे, खिसे, चुण्या यांच्या संख्येवरही मर्यादा आली आणि पुरुषांच्या पँटच्या पायांची दुमड बंद झाली. कापड असे मोजून मिळत असताना बायका घरी कोट-स्कर्ट शिवत, नवऱ्याचा सूट उसवून त्यातून स्वतःचा बेतत. अशा बाईच्या हाती वाया घालवायला काहीच नसे. नमुना छापणाऱ्याने इस्त्रीसाठी एकच वाक्य खर्च केले, कारण बाकीचे तिला येत असणार हे त्याने गृहीत धरले होते. मला ते येत नव्हते, आणि ते तुमच्याकडे होते, कारण तुम्ही उभा जन्म पुरुषांचे कोट शिवलेत आणि हा बायकांचा सूटही त्याच शिलाईचा आहे.

लेपलचे, म्हणजे कोटाच्या छातीवर उलटून बसणाऱ्या भागाचे, तीन दिवस मात्र कठीण गेले. मी कॅनव्हास, म्हणजे आतून ताठपणा देणारे कापड, टेबलावर सपाट ठेवून टाके घातले होते, त्यामुळे लेपलचे टोक वर उचलले जात होते. तुम्ही सगळे उसवायला सांगितलेत. मग लेपल डाव्या तर्जनीवर वळवून धरायची, टाका तिरका घ्यायचा आणि खालच्या कापडाचा एकच धागा सुईत येऊ द्यायचा, असे बसवून शिकवलेत. सुईत दोरा मी ओवत होते, मेणावरून तो तुम्ही ओढत होता. नजर साथ देत नाही असे तुम्ही म्हणालात खरे, पण माझा टाका कापडाच्या आरपार गेला की मागून नुसते बोट फिरवून तुम्हाला तो कळत होता.

उसवता उसवता तुमच्या वडिलांची आठवण निघाली होती. ते गिऱ्हाइकांचे विटलेले कोट उलटवून देत: सगळा कोट उसवायचा, कापडाची आतली बाजू बाहेर आणायची आणि पुन्हा शिवायचा. अशा कोटाचा छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे जातो, आणि त्यावरून उलटवलेला कोट ओळखू येतो. इकडे युद्धकाळात शिंपी आणि गृहिणी हेच करत होत्या. मी व्याख्यानात तुमच्या वडिलांचे उदाहरण दिले. तुमची परवानगी आधी घ्यायला हवी होती, त्याबद्दल क्षमा असावी.

नऊ दिवस रोज चार तास दिलेत आणि मोबदल्याचा विषय काढू दिला नाहीत. फक्त त्या नमुन्याची प्रत खाकी कागदावर उतरवून ठेवलीत, "बघतो जरा, कसं बेतलंय ते," असे म्हणत. मूळ नमुन्यातला कॉलरचा एक तुकडा तेव्हा सापडत नव्हता. तो पाकिटाच्या तळाशी दुमडलेला मिळाला. त्याची प्रत काढून पाठवली आहे, छिद्रांसह. काकूंना नमस्कार सांगावा. येत्या हिवाळ्यात येईन तेव्हा सूट घेऊन येते. उजव्या बाहीचा मागचा भाग किंचित ओढतो आहे, तो तुम्ही एकदा पाहावा.

आपली नम्र,
तुमची विद्यार्थिनी