सुटका झाली, पुढे काय?

महोदय,

वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटलेल्या माणसाला घ्यायला जुना साथीदारच आला आणि बाकी सगळ्यांनी पाठ फिरवली, तर तो कुठे जाणार? त्याला खोली, काम आणि ओळखपत्रासाठी राहण्याचा दाखला लागतो. तिन्ही देणारे आपणच असतो: घरमालक, दुकानदार, सोसायटीचे सचिव.

कारागृहात सुतारकाम, विणकाम, शिवणकाम शिकवले जाते. हिंगणा, बुटीबोरीतल्या लहान कारखानदारांनी आणि इतवारीतल्या व्यापाऱ्यांनी अशा एकाला जरी महिनाभर कामावर ठेवून पाहिले तरी फरक पडेल. पगार मात्र इतरांइतकाच द्यावा. गरजू आहे म्हणून निम्म्यावर राबवून घेणे हा अन्यायच आहे.

सगळ्यात जास्त सोसतात ती मुले. शाळेत 'याचा बाप जेलमध्ये आहे' हे वाक्य मोठ्यांकडूनच पोहोचते. ते आपण आपल्या घरातच थांबवू शकतो.

आणखी एक. देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. जामिनाची रक्कम नसलेल्यांसाठी केंद्राची 2023 पासूनची योजना आहे, त्यात आर्थिक मदत मिळते. वस्तीत असे कुटुंब असेल तर त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापर्यंत सोबत घेऊन जा. तिथे वकीलही मोफत मिळतो. एकट्या बाईला न्यायालयाच्या आवारात कोणाला काय विचारावे हेच कळत नाही.

– एक वाचक, अजनी, नागपूर