लघुपटातल्या यंत्राचा आवाज

महोदय,

मुलगा पुण्याला, आई सोलापुरात एकटी आणि टेबलावर बोलणारं यंत्र. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि एकटेपणा यांवर लघुपट करायचा म्हटलं की गोष्ट बहुधा अशीच सुचते. ती आपल्या गावाची आहे, ती करायलाच हवी. पण यात दुसरं पात्र निव्वळ आवाजाचं आहे. त्यामुळे सगळं बजेट कॅमेऱ्यावर आणि निळ्या उजेडावर गेलं, तर पडद्यावर उरतो एक डबा आणि त्याच्याशी बोलणारी बाई. शहरात लघुपट स्पर्धा भरवणाऱ्यांनी ध्वनीला छायाचित्रणाइतकेच वेगळे गुण ठेवावेत, अशी आमची मागणी आहे. ती का, ते सांगतो.

दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण ०.२ सेकंद लागतात. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबात हे झाले ५ फ्रेम. यंत्राला आधी आवाजाची अक्षरं करावी लागतात, मग उत्तर जुळवायचं, मग त्याचा पुन्हा आवाज करायचा. नेट मंद असेल तर २ सेकंद सहज जातात, म्हणजे ५० फ्रेम. एडिटिंगला बसलं की ही जागा रिकामी वाटते आणि कापली जाते. कापू नका. त्या ५० फ्रेममध्ये पदराचं टोक बोटाला गुंडाळत आई डब्याकडे बघत राहते, तेवढ्यात तिचं एकटेपण कळतं. पहिल्या प्रसंगात ५० फ्रेम ठेवा, मधे ३०, पुढे १२ वर या. प्रेक्षक मोजणार नाही, पण जवळीक वाढल्याचं त्याला जाणवेल. आणि मुलाचा फोन येईल तेव्हा दोघांची वाक्यं एकमेकांवर चढू द्या. त्यासाठी दोन आवाज दोन वेगळ्या ट्रॅकवर हवेत, नाहीतर एकावर एक चढलेलं बोलणं नंतर सुटं करता येत नाही.

यंत्राचे संवाद शूटिंगच्या वेळी कोणी वाचतच नाही, ही नेहमीची चूक. नटी मनात आकडे मोजून उत्तर देते आणि नजर भरकटते. शेजारच्या खोलीत एक वाचणारा बसवा आणि त्याचा आवाज टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून येऊ द्या. नंतर चांगल्या माइकवर तेच संवाद पुन्हा रेकॉर्ड करा, पण ती फाइल थेट लघुपटाला जोडू नका. त्याच खोलीत, त्याच स्पीकरवर ती वाजवा आणि नटीच्या जागी माइक धरून परत रेकॉर्ड करा. तेव्हाच आवाज टेबलावरून आल्यासारखा वाटतो. एरवी तो प्रेक्षकाच्या कानात बसून बोलतो. खोली पुन्हा मिळणार नसेल, तर आवाजातला ३०० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे जाड खर्जाचा भाग कापून थोडं काम भागतं.

आपल्याकडच्या घरांत शहाबादी फरशी, उघड्या भिंती, वर स्लॅब. त्यामुळे आवाज घुमतो. उपाय घरातच आहे. कॅमेऱ्याच्या मागे दोरी बांधून चार जाड सोलापुरी चादरी लटकवा, एक टेबलाखाली अंथरा. लेपल माइक, म्हणजे कपड्याला अडकवायचा छोटा माइक, हनुवटीपासून एक वीत खाली लावा. काठापदराची साडी असेल तर काठापासून दूर, कारण जरीची सळसळ नंतर निघत नाही. पंखा बंद, फ्रिज बंद. गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही. शूटिंग संपल्यावर सगळ्यांनी गप्प उभं राहून खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा. वर सांगितलेल्या ५० फ्रेममध्ये तीच भरायची असते. तिथे कसलाच आवाज नसलेला कोरा तुकडा टाकला, तर थिएटरात स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं.

सोलापूरच्या पूर्व भागात शूट करणार असाल तर यंत्रमागाची खटखट येणारच. संवाद माग बंद असताना घ्या आणि खटखट वेगळी दोन मिनिटं रेकॉर्ड करा. पुढे ती सोन्यासारखी कामाला येते. समजा, गोष्टीत लाईट जाते, माग थांबतात, राउटर बंद पडतो आणि यंत्र वाक्याच्या मध्येच गप्प होतं. घर एकदम सुनं. याला पार्श्वसंगीत लागत नाही. फक्त यंत्र विजेवरचा स्पीकर आहे हे आधी दाखवा. मोबाइलमधलं अ‍ॅप असेल तर ते डेटावर चालूच राहील आणि प्रेक्षक ती चूक पकडेल.

उजेडाचं थोडक्यात. आपली वीज ५० हर्ट्झची. मोबाइल बहुधा ३० फ्रेमवर लावलेला असतो, मग ट्यूबच्या उजेडात पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. एप्रिल-मेमध्ये फोन तापून रेकॉर्डिंग बंद पडतं, म्हणून सकाळी नऊच्या आत उरका.

आता यंत्राचा स्वभाव. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ‘एलिझा’ हा प्रोग्रॅम मांडला. समोरच्याच्या वाक्यातला शब्द उचलून तो प्रश्न बनवून परत द्यायचा, एवढंच त्याचं काम. तरी त्याच्याशी बोलताना त्यांच्या सेक्रेटरीने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. म्हणजे यंत्र हुशार नसलं तरी माणूस त्याला जीव लावतो. आजची यंत्रं पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत बोलतात. ठरावीक मर्यादेपलीकडचं बोलणं, कुठे टिपून ठेवलं नसेल तर, त्यांच्यापुढे राहत नाही, आणि हो ला हो म्हणण्याकडे त्यांचा कल असतो. पटकथेला याहून चांगला ऐवज कुठला? आई रोज त्याच जुन्या शेजारणीबद्दल तक्रार करते, यंत्र रोज हो ला हो म्हणतं, आणि एके दिवशी तेच विचारतं, “कोण शेजारीण?” आई घरात तेलुगू बोलणारी असेल तर आणखी उत्तम. ती पाण्याला ‘नीळ्ळु’ म्हणते आणि मराठीवर लावलेलं यंत्र ‘निळू’ ऐकून निळू कोण ते विचारत बसतं. जगाचा नाश करणारं यंत्र दाखवण्यापेक्षा हे कितीतरी खरं आहे.

आयोजकांना आणखी एक विनंती. प्रत्येक लघुपटाची पहिली दोन मिनिटं आदल्या दिवशी त्याच सभागृहाच्या स्पीकरवर वाजवून बघू द्या. हेडफोनवर नीट ऐकू येणारा यंत्राचा हलका आवाज सभागृहात पंख्याखाली बुडतो. तो किती वाढवायचा हे तिथे बसल्याशिवाय ठरत नाही.

– काही ध्वनिमुद्रक व संकलक, सोलापूर