बाळ्या, 'रणांगण' आईला वाचून दाखवू का?

सांगली, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

नंदीच्या ट्रंकेत विश्राम बेडेकरांची कादंबरी 'रणांगण' सापडली, आणि आई म्हणते, तीच वाच. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

तब्येती ठीक. माझी शुगर ताब्यात आहे. आईचे काचबिंदूचे थेंब चालू आहेत, पण अक्षरं आता तिला दिसत नाहीत. म्हणून जेवणं झाली की मी मोठ्याने वाचतो.

सुरुवात गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'ने केली. वरसईचा कर्जबाजारी भिक्षुक दक्षिणेच्या आशेने 1857 साली उत्तरेत जातो आणि झाशीच्या वेढ्यात सापडतो. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर त्याला राणी भेटते, तहानलेली. तो पाणी शेंदायला पुढे होतो, तर तुम्ही विद्वान ब्राह्मण म्हणत ती मडकं स्वतःच घेते. आई म्हणाली, "परत वाच." इतिहासाच्या जाडजूड ग्रंथांत राणी मला इतकी जवळून कधी दिसली नव्हती. पुस्तक निघालं 1907 साली, भटजी गेल्यावर.

मग लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. सत्तावन्नच्या बंडात आजोबा फासावर गेले आणि वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं, हे लक्ष्मीबाई ज्या सुरात सांगतात तो मराठीत दुसऱ्या कुणाला लागलेला नाही. आई पोट धरून हसली. तू कॉलेजात याला 'बायकांच्या गप्पा' म्हणाला होतास. आता आईसमोर म्हणून दाखव, चहासुद्धा मिळणार नाही!

नारळीकरांची विज्ञानकथा 'उजव्या सोंडेचा गणपती' मला फार आवडते. कल्पना अफाट, पण माणसं वर्गात शिकवल्यासारखी बोलतात, आणि मोठ्याने वाचताना ते लपत नाही. आईला झोप लागली.

आणि आता हे. बेडेकरांची एवढीशी कादंबरी, आईला शेवट माहीत नाही. चक्रधर मुंबईला उतरतो, बोटीवर त्याच्या प्रेमात पडलेल्या ज्यू हॅर्टाला उतरू देत नाहीत, बोट पुढे जाते. मग तिची पत्रं, आणि मग समुद्र. नंदीचं त्या पावसाळ्यात नदीवर जे झालं, त्यानंतर ही पानं मी आईसमोर कोणत्या तोंडाने वाचू? गाळली तर तिला कळेल. ती माझा श्वास ओळखते. आणि हॅर्टाची पत्रं गाळली तर त्या कादंबरीत उरतं काय?

चक्रधर उतरतो त्या पानावर नंदीने पेन्सिलीने लिहिलंय, 'बाळ्या बरोबर होता.' गच्चीवर तुम्ही दोघं मिळून चक्रधरला भेकड म्हणत होतात, आठवतं? मला ते आजही पटत नाही. हिटलरच्या तावडीतून सुटलेल्या ज्यूंना कुठलंच बंदर धड घेत नव्हतं, तिथे एकट्या चक्रधरच्या हातात काय होतं? 1939 साली, महायुद्धाच्या तोंडावर, मराठीत हे लिहिलं गेलं याचा मला अभिमान वाटतो. पण नंदीचं अक्षर बघितलं आणि वाद घालायचं बळच राहिलं नाही. तिने हे कधी लिहिलं असेल? शेवट वाचून की त्याआधी?

आईला बहुतेक तिचं अक्षर हवंय, गोष्ट नकोच. रोज ती पानावर बोट फिरवते आणि विचारते, इथे काही लिहिलंय का. मी नाही म्हणतो.

वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? मिनीचा निकाल कळव. नवी जागा ऐसपैस आहे म्हणे.

गुरुवारपर्यंत मी शेवटच्या पानांशी पोचेन. फोन करू नकोस, आई ऐकते. जमलं तर बुधवारच्या गाडीने ये. तिचं लिहिलेलं पान तू वाच, बाकीचं मी वाचतो.

तुझा,
दिगू