नाव धक्क्याला बांधण्याच्या संचातील चुकीचा दोर, निकृष्ट क्लीट आणि धोकादायक माहितीपत्रक याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : १४ फुटी फायबरच्या नावेसाठी घेतलेले चार बांधणी-संच सदोष असल्याबाबत व माहितीपत्रक तातडीने मागे घेण्याबाबत

महोदय,

नागपूर जिल्ह्यातील एका तलावावर स्वतःच्या नावा चालवून पोट भरणाऱ्या आमच्या गटाने मार्च महिन्यात आपल्याकडून चार संच घेतले. प्रत्येक संचात चार दोर, चार क्लीट (दोर गुंडाळायच्या दोन शिंगांच्या धातूच्या खुंट्या), चार फेंडर (नाव धक्क्यावर घासू नये म्हणून मध्ये लटकवायच्या हवेच्या उशा), स्क्रूची पुडी आणि एक माहितीपत्रक आहे. फेंडर उत्तम आहेत; पाच इंच जाडीचे, शिवण पक्की, हवा टिकते. बाकी प्रत्येक वस्तूबद्दल तक्रार आहे आणि त्यातही सगळ्यांत गंभीर तक्रार पत्रकाबद्दल आहे. आपल्या प्रतिनिधीने फोनवर "गाठ नीट मारली नसेल" असे सांगून विषय संपवला. म्हणून आता लेखी कळवत आहोत.

पाकिटावर "१० मिमी नायलॉन दोर" असे छापले आहे. आत निघाला तो पॉलिप्रॉपिलीनचा दोर. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दोराचा वीतभर तुकडा बादलीत टाकून हाताने दाबून त्यातली हवा काढली, तरी तो वर येऊन तरंगतो. नायलॉन पाण्यापेक्षा जड असते, ते बुडते. टोक जाळले तर विझलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो. आपल्या गोदामातला कोणताही दोर अशा रीतीने पाच मिनिटांत तपासता येईल.

फरक फक्त नावाचा नाही. धक्क्याला बांधलेली नाव लाटेवर सतत पुढेमागे होते, वारा सुटला की हिसके देते. नायलॉन हिसक्याबरोबर लांबते आणि पुन्हा आखडते, त्यामुळे हिसका दोरातच जिरतो. जो दोर तेवढा लवचीक नाही, त्यातून तोच हिसका थेट क्लीटवर आणि क्लीटखालच्या फायबरवर जातो. शिवाय पॉलिप्रॉपिलीन गुळगुळीत असल्याने नव्या दोराची गाठ सरकते आणि उन्हात ते लवकर कुजते. नागपूरचे ऊन आपल्याला ठाऊक असेलच. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मार्चमध्ये लावलेल्या दोरावरून मेच्या मध्यात हात फिरवला की तळव्यात पांढरी कुसळे रुततात आणि दोर पिळला की त्यातून भुकटी झडते. वळवाची वादळे याच दिवसांत येतात, आणि नेमक्या त्याच वेळी दोराची ताकद गेलेली असते.

दोराची लांबीही चुकली आहे. चारही दोर अडीच मीटरचे आहेत. पुढचा आणि मागचा दोर नावेच्या लांबीच्या साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे १४ फुटी नावेला तीन मीटरच्या आसपास हवा. उरलेले दोन तिरपे दोर, ज्यांना स्प्रिंग म्हणतात, ते निदान नावेइतके, म्हणजे सव्वाचार मीटर हवेत. एक पुढच्या क्लीटपासून मागच्या दिशेला धक्क्यावर जातो, दुसरा मागच्या क्लीटपासून पुढच्या दिशेला. पुढचा-मागचा दोर नावेला धक्क्यापासून दूर जाऊ देत नाही, पण नाव धक्क्यालगत घसरते ती थांबते या तिरप्या दोरांनीच. अडीच मीटरमध्ये ते होत नाही.

क्लीट "३१६ स्टेनलेस स्टील" म्हणून विकले आहेत. ३१६ या सहजी न गंजणाऱ्या स्टीलला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. ओतीव असेल तर किंचित ओढ जाणवते, हे मान्य. पण या क्लीटना चुंबक चिकटला की ओढून काढावा लागतो. दोर जिथे घासतो तिथला चकचकीत मुलामा अंड्याच्या टरफलासारखा सुटला आहे आणि खाली नारिंगी गंज आहे. त्या खरबरीत गंजावर दोर आणखी कापला जातो. मापही लहान आहे. १० मिमी दोराला सहा इंची क्लीट लागते. आपली चार इंची आहे, तीवर दोराचे पुरते वेढे बसतच नाहीत.

पुडीतले स्क्रू एक इंची, लाकडात मारायचे आहेत. नावेच्या काठावरचे फायबर पाच-सहा मिलिमीटर जाड असते. त्यात स्क्रूचे दोन-चार आटेच धरतात. हिसक्यांनी भोक मोठे होते, त्यातून पाणी आतल्या लाकडात मुरते, लाकूड कुजते आणि एक दिवस क्लीट स्क्रूसकट उपटून येते. क्लीट आरपार बोल्टनेच बसवावी लागते. खालून १२ मिमी मरीन प्लायची किंवा धातूची पट्टी, रुंद वॉशर, सैल न होणारा नट आणि भोकात पाणी अडवणारे सीलंट, एवढे सामान हवे. यातले एकही संचात नाही.

आता पत्रक. चित्र क्रमांक दोनमध्ये दोर क्लीटवर येताच जवळच्या शिंगावर अडकवून थेट कुलपाची अर्धगाठ मारायला सांगितली आहे, आणि वर "अधिक सुरक्षेसाठी" सहा-सात वेढे. हे उलटे आहे. नावेकडून आलेला दोर आधी लांबच्या शिंगाखालून न्यायचा आणि क्लीटच्या बुडाभोवती एक पूर्ण वेढा द्यायचा. सगळा ताण हा वेढा घेतो. मग शिंगांवरून तिरपा नेऊन इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एक फुली, आणि शेवटचा वेढा उलटा करून शिंगावर चढवायचा, म्हणजे मोकळे टोक स्वतःच्याच खाली दबते. बस्स, एवढेच. असा बांधलेला दोर ताणाखालीही हळूहळू सोडता येतो. पहिल्याच झटक्यात कुलूप लावलेला दोर ताण आला की आवळतो आणि सुरीशिवाय सुटत नाही. धक्क्यावर क्लीट नसून लोखंडी कडे असेल, तर कड्यात दोन वेढे आणि मग दोराच्याच अंगावर दोन अर्धगाठी. विदर्भातल्या बहुतेक घाटांवर कडीच असतात. पत्रकात त्यांचा उल्लेखही नाही.

त्याऐवजी अर्धे पान भरती-ओहोटीवर आहे. खिंडसी, अंबाझरी यांसारख्या तलावांना भरती कुठली? इथे पाणी चढते ते पावसाने, कधी एका रात्रीत, आणि ते सहा तासांनी उतरत नाही. पत्रक सांगते, "दोर आखूड व घट्ट ठेवा." हिशेब करून पाहा. ६० सेंटिमीटरचा आडवा दोर बांधला आणि पाणी ३० सेंटिमीटर चढले, तर त्या दोराला सुमारे ७ सेंटिमीटर जास्त लांबी लागते. ती न मिळाल्याने नावेचा एक काठ खाली ओढला जातो आणि नावेत पाणी शिरते. ४ मीटरच्या दोराला तेवढ्याच चढीला जेमतेम १ सेंटिमीटर लागतो. म्हणून पक्क्या, न तरंगणाऱ्या धक्क्यावर दोर लांब आणि तिरपे असावेत. पाण्याबरोबर वर येणाऱ्या तरंगत्या जेटीवर हा प्रश्न नाही, पण अशी जेटी सगळीकडे नसते. दोर काँक्रीटच्या कडेवर घासतो तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा फूटभर तुकडा चढवावा, हे साधे वाक्यही पत्रकात नाही.

वाईट दोर नजरेला पडतो, बदलता येतो. छापील पत्रकावर मात्र नवखा माणूस विश्वास ठेवतो, आणि वादळात न सुटणारी गाठ सोडवायला वाकलेला तोच माणूस पाण्यात पडतो. म्हणून आमची पहिली मागणी पैशांची नाही. हे पत्रक ताबडतोब मागे घ्यावे आणि ज्यांना ज्यांना ते गेले त्या सर्व ग्राहकांना दुरुस्त पत्रक व सूचना पाठवावी. दुसरी मागणी, पाकिटावरचे "नायलॉन" व "३१६" हे शब्द माल बदलेपर्यंत काढावेत. तिसरी, चारही संचांची पूर्ण रक्कम परत मिळावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागू. माल स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतला असल्याने आम्ही कायद्याने ग्राहकच ठरतो. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे आपले कार्यालय दुसऱ्या शहरात असल्याची अडचण येणार नाही.

पावती, पाकिटाचे व क्लीटचे फोटो या पत्रासोबत जोडले आहेत. चारही संच काढून कोरड्या जागी ठेवले आहेत, एक दोर न वापरलेला, पाकिटासकट आहे. तपासणीसाठी माणूस पाठवणार असाल तर दोन दिवस आधी कळवावे.

आपले,
नौकाचालक गट,
जिल्हा नागपूर