कुजलेल्या मृतदेहावरील अळ्याही राखून ठेवाव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिवारात किंवा बंद घरात आठवडाभराने सापडलेल्या मृतदेहाची ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते आणि ‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’ एवढे बातमीत छापून येते. विषबाधेचा संशय असल्यास पोटातील अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवायचे असतात. परंतु उन्हाळ्यात देह पुष्कळदा इतका कुजलेला असतो की तपासण्याजोगा यकृताचा तुकडाही हाती लागत नाही. त्याच देहावरच्या अळ्या मात्र घाण म्हणून धुऊन टाकल्या जातात. त्या अळ्या तेच यकृत खाऊन वाढलेल्या असतात आणि मृताच्या शरीरातील विष त्यांच्यातही उतरलेले असू शकते, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

अमेरिकेत जवळजवळ सांगाडाच उरलेल्या एका तरुणीच्या देहावरील अळ्यांत फेनोबार्बिटॉल हे गुंगी आणणारे औषध सापडल्याचे १९८० सालीच प्रसिद्ध झाले. आपल्याला अधिक जवळचे आहे ते १९८९ साली प्रसिद्ध झालेले होनोलुलूचे प्रकरण. तेथे मॅलॅथिऑन प्यायलेल्या ५८ वर्षांच्या पुरुषाच्या देहावरील अळ्यांत ते कीटकनाशक आढळले. शिवाय अळ्यांच्या वयावरून मृत्यूला सुमारे पाच दिवस झाल्याचे दिसत होते, तर तो गृहस्थ अखेरचा दिसला होता आठ दिवसांपूर्वी. विषामुळे माश्यांनी अंडी उशिरा घातली असावीत, असा त्याचा अर्थ लावला गेला. कोकेनच्या बाबतीत उलट घडते, अळ्या भराभर वाढतात आणि मृत्यू प्रत्यक्षाहून जुना वाटतो. तेव्हा विष कोणते हे ठाऊक नसताना केवळ अळीच्या लांबीवरून मृत्यूची वेळ सांगणे धोक्याचे आहे. होनोलुलूला सापडलेल्या क्रायसोमाया जातीच्या माश्या आपल्याकडेही सर्रास आढळतात. मासळी बाजारात घोंघावणारी, मोठ्या तांबड्या डोळ्यांची निळी-हिरवी माशी ती हीच. आणि कीटकनाशकांची विषबाधा महाराष्ट्राला, विशेषतः २०१७ नंतरच्या यवतमाळला, मुद्दाम सांगायला नको.

या पद्धतीच्या मर्यादाही न्यायालयासमोर स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. अळीतील विषाच्या प्रमाणावरून माणसाने किती विष घेतले याचा हिशेब मांडता येत नाही. खाणे थांबवून कोषावस्थेकडे निघालेली अळी बरेचसे विष बाहेर टाकते, त्यामुळे अळीत विष सापडले नाही म्हणजे ते दिलेच नव्हते, असेही म्हणता येत नाही.

करावयाचे काम फार खर्चिक नाही. देहाच्या निरनिराळ्या भागांवरील खात्या अळ्या वेगवेगळ्या गोळा कराव्यात. काही गरम पाण्यात मारून वय ठरवण्यासाठी अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात आणि विषाच्या तपासणीसाठीच्या अळ्या कोणतेही द्रावण न घालता थेट गोठवाव्यात. आसपास रिकामे कोष असल्यास तेही उचलावेत, कारण त्यांत काही औषधांचे अंश दीर्घकाळ टिकतात. माशीची जात ओळखणारे तज्ज्ञ कुठून आणायचे, हा प्रश्न लगेच विचारला जाईल. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्र विभाग आहेत. बोंडअळीच्या पलीकडचे काम त्यांना कुणी सांगितले तर ते नाही म्हणणार नाहीत.

सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. त्या तज्ज्ञाच्या पेटीत चिमटा, झाकणाच्या कुप्या आणि तापमापक असावा, आणि शवविच्छेदनाच्या नमुन्यात व्हिसेऱ्याच्या रकान्याखाली अळ्या व कोषांसाठी एक रकाना वाढवावा, अशी गृह आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही विभागांना विनंती आहे.

आपला,
कृषी कीटकशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, अकोला