पगार वाढला, कार्ड गेलं

प्रिय बाळू,

परवा तू फोन मधेच ठेवलास. चूक माझीच. पोरगा सांगतोय बाबा पगार २२,५०० झाला, आणि बाप शाबास म्हणायचं सोडून विचारतो, मग ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, कार्ड राहणार का. आईने नंतर मला चांगलंच झापलं. म्हणून हे टाईप करतोय, उजव्या हाताचं ते बोट नाही त्यामुळे अक्षरं इकडची तिकडे होतात, समजून घे.

आधी सांगतो, पेढे वाटले. अख्ख्या जेटीवर. होडी चालवणाऱ्या त्या तांडेलालासुद्धा दिला, ज्याच्याशी मी बोलत नाही.

पण मी चौकशी केली रे. २१,००० च्या वर पगार गेला की माणूस ईएसआयच्या बाहेर, २०१७ पासून मर्यादा तिथेच आहे. वीस हजारावर तुझे १५० कापायचे, कंपनी ६५० भरायची, आणि त्यात आजारी पडलास तर वर्षाला ९१ दिवस ७० टक्के पगार, कामावर लागलं तर बरा होईपर्यंत ९० टक्के, शिवाय आईच्या शुगरच्या गोळ्या. आधीच्या हप्त्यांवर उपचार डिसेंबरपर्यंत चालतात म्हणे. जानेवारीत काय? साहेबांना विचार, ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे कंपनीने सगळ्यांचा काढलेला आजारपणाचा विमा, आहे का आणि त्यात आई-वडील धरतात का. तोंडी नको, कागद माग.

मंग्याच्या बँकेत हे न मागता मिळतं. आपल्याकडे मागावं लागतं, त्यात लाज कसली.

माझं बोट होडीवरच्या विंचमध्ये, जाळं ओढायच्या यंत्रात, गेलं तेव्हा तू बालवाडीत होतास. जाळं ओढताना रस्सी अडकली, मी हाताने सोडवायला गेलो. रक्ताचं काही वाटलं नाही, पण हातमोज्याचा तुकडा रस्सीबरोबर ड्रमवर गोल गोल फिरत होता, तो अजून दिसतो. मालकाने दोन हजार आणि तांदळाचं पोतं दिलं, माणूस वाईट नव्हता, पण वाट्याचं काम ते, दर्यावर गेलास तर वाटा, घरी बसलास तर काही नाही. तीन महिने आईच्या पाटल्यांवर काढले. त्या परत आल्या नाहीत, तुला ठाऊक आहे.

आता मच्छीमारांना सरकारचा अपघात विमा आहे, माणूस गेला तर ५ लाख, हप्तासुद्धा आपल्याला नाही. पण अपघाताचाच हां, होडीवर छातीत कळ आली तर तो अपघात नाही. आणि अप्पाचं बघ, आंबे उतरवायचा झेला घेऊन कलमावर चढला, फांदी मोडली, तेव्हापासून ओटीवर बसून आहे. बागवाल्याने फळपीक विमा काढला होता. म्हणजे आंब्याचा विमा होता, आंबा काढणाऱ्याचा नव्हता.

बघ, पुन्हा लेक्चर सुरू झालं. सॉरी. तू शिकलेला, कंपनीत टोपी घालून मशीनवर उभा राहतोस, तो फोटो मी मोबाईलवर लावलाय. त्या मशीनला गार्ड आहे ना? फोटोत दिसत नाही.

बँकेत ते वर्षाला ४३६ आणि २० रुपयांचे दोन सरकारी विमे आहेत, जीवन ज्योती आणि सुरक्षा, दोन-दोन लाखांचे, ते तरी घे. मे अखेर पैसे कापतात, तेव्हा खात्यात बॅलन्स ठेव, गेल्या वर्षी तुझं खातं रिकामं होतं असं ताई म्हणाली. ४३६ वाल्यात पन्नाशीच्या आतलेच घेतात, म्हणून मला नाही मिळाला.

आंब्याची पेटी ट्रॅव्हल्सने पाठवतोय, सकाळी स्टँडवर जाऊन घे, पिकायला चार दिवस लागतील. दोन डझन साहेबांना दे. देताना मेडिक्लेमचं विचार.

नाही विचारलंस तरी फोन कर.

तुझा,
बाबा