लाल बटण दाबलं की बेट उडतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत साठच्या दशकातल्या युरोपीय हेरपटांना ‘बाँडच्या भिकार नकला’ म्हणून एका ओळीत निकालात काढलं आहे. नकला होत्या, कबूल. खिशाने भिकारही होत्या. पण गेली तीन वर्षं रात्री जेवणं आटोपली की मी मोबाइलवर हेच सिनेमे बघत बसतो. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणून हे पत्र.

मी वागळे इस्टेटमध्ये ३४ वर्षं कंट्रोल पॅनेलचं वायरिंग केलं. त्यामुळे खलनायकाचा अड्डा पडद्यावर आला की माझी नजर आधी त्याच्या पॅनेलवर जाते. राखाडी रंग मारलेलं प्लायवुडचं कपाट, त्यावर रंगीत दिवे. ते कशासाठी लुकलुकतात ते खलनायकालाही ठाऊक नसावं. शास्त्रज्ञ ओरडतोय, ‘दाब वाढतोय!’ आणि मीटरचा काटा शून्यावर ढिम्म. पॅनेलमधून एक केबल बाहेर पडेल तर शपथ. आणि ते लाल बटण! आमच्या धंद्यात लाल मश्रूम बटण दाबलं की मशीन थांबतं. इथे दाबलं की अख्खं बेट उडतं. आमची सौ. परवा म्हणाली, “जग बुडवायला निघालाय मेला, आणि खुर्ची सलूनमधली!” खुर्ची खरंच सलूनमधल्यासारखी होती.

हसतो मी, पण कुचेष्टेने नाही. उद्या पार्टी इन्स्पेक्शनला येणार आणि एक इंडिकेटर कमी पडतोय, म्हणून शेजारच्या पॅनेलचा काढून बसवणं आम्हीही केलंय. तो सेट उभारणाऱ्या इटालियन सुताराची रात्र मला ओळखीची वाटते.

हे सिनेमे इटली, फ्रान्स, स्पेन, पश्चिम जर्मनी यांनी भागीत काढलेले. भागीदार देशाचा एखादा नट घ्यायचा, इस्तंबूल नाहीतर लिस्बनचे रस्ते दाखवायचे, की झाला सिनेमा. इटलीत शूटिंगच्या वेळी आवाज घेण्याची पद्धतच नव्हती. जो तो आपापल्या भाषेत बोलायचा, आवाज मागाहून चढवायचे. म्हणून ओठ एक बोलतात आणि कानावर दुसरंच येतं. नावंसुद्धा चढवलेली. ‘कोमिसार एक्स’ मालिकेतला टोनी केंडल मूळचा लुचियानो स्टेला, दिग्दर्शक सर्जिओ सोलिमा पाटीवर ‘सायमन स्टर्लिंग’. ‘कोमिसार एक्स’चा १९७१चा शेवटचा सिनेमा तर पाकिस्तानात चित्रित झाला, त्यात तिथले मोहम्मद अली आणि झेबा आहेत.

माझा सगळ्यात लाडका १९६७चा ‘ओके कॉनरी’. बाँड करणारा शॉन कॉनरी परवडणार नाही ना? मग त्याचा सख्खा धाकटा भाऊ नील आणला! हा गृहस्थ गिलाव्याचं काम करणारा. सिनेमात त्याला केलं प्लास्टिक सर्जन. म्हणजे गिलावाच, फक्त चेहऱ्यांना. वर संमोहनही येतं. इंग्रजीतसुद्धा आवाज दुसऱ्याचाच. आणि भोवती कोण, तर खऱ्या बाँडपटांतलेच बर्नार्ड ली, लोइस मॅक्सवेल, डॅनिएला बियांकी, अडोल्फो चेली. इतका राजरोस दरोडा बघून राग येतच नाही. त्यात संगीत एन्निओ मॉरिकोने आणि ब्रुनो निकोलाई यांचं. प्लायवुडच्या अड्ड्यात असलं संगीत वाजतं, तेव्हा मोबाइलचा आवाज वाढवल्याबद्दल घरात बोलणी खावी लागतात.

एक दुरुस्तीही करतो. सगळेच बाँडच्या मागून आले असं लेखात ध्वनित होतं. फ्रेंच हेर ‘ओएसएस ११७’ हा जाँ ब्रूस यांच्या कादंबऱ्यांत १९४९ मध्येच अवतरला, बाँडची पहिली कादंबरी १९५३ची. पडद्यावरही ११७ आला १९५७ मध्ये, बाँड १९६२ मध्ये. १९६४च्या ‘गोल्डफिंगर’नंतर नकलांचा पूर आला हे मात्र खरं. तो दोन-चार वर्षांत ओसरला आणि सोलिमांसारखी मंडळी घोडे-पिस्तुलांच्या सिनेमांकडे वळली.

आपल्याकडेही जितेंद्र १९६७ मध्ये एजंट ११६ झालाच होता. आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला झुंजार वाचताना ‘हे शक्य आहे का’ असं आम्ही कधी विचारलं? पुस्तक परत द्यायच्या आत संपवायचं, एवढीच घाई असायची. तीच सवलत या इटालियनांना द्यायला काय हरकत आहे?

जाता जाता एक विनंती. लेखासोबत छापलेल्या छायाचित्रात नायिका डोक्यापासून पायापर्यंत आहे, पण तिच्यामागचं पॅनेल अर्ध्यावर कापलं गेलंय. डाव्या कोपऱ्यात सिलेक्टर स्विचसारखं काहीतरी दिसतंय. आपल्याकडे मूळ छायाचित्र असल्यास कृपया पूर्ण छापावं.

आपला,
एक निवृत्त पॅनेल वायरमन
चेंदणी, ठाणे